लायडारमधनं ऊस, झाडं, घरं काढून नुसती जमीन ठेवायला कुठला फिल्टर?

पंचगंगाकाठ:
नमस्कार मंडळी, विमानातनं घेतलेला लायडारचा डेटा (लेसरनं उंची मोजलेले पॉइंट) मिळालाय, चिखली-आंबेवाडीचा नदीकाठ आणि वरचा पन्हाळा. पुराचं पाणी कुठवर चढतंय ते बघायला नुसत्या जमिनीचं मॉडेल पाहिजे. क्लाउडकम्पेअर या सॉफ्टवेअरमध्ये सीएसएफ (जमीन वेगळी काढणारा फिल्टर) आहे तसंच चालवलं तर उसाची शेतं टेकाडासारखी दिसाय लागल्यात आणि पन्हाळ्याच्या कड्याची कड गायब. 2019 ला आमच्या घरात पाणी होतं, त्यामुळं हे नीटच करायचंय. काय वापरू?

सरीवरंबा:
भावा आधी दोन्ही भाग वेगळे कर, एका सेटिंगवर दोन्ही बसणार नाहीत. सीएसएफ सगळे पॉइंट उलटे करून वरनं कापड सोडतंय, कापड टेकलं ती जमीन. कापड ताठ असलं की कड्याला वाकत नाही, म्हणून कड जाते. पन्हाळ्याला स्टीप स्लोप हा पर्याय घे, त्यात कापड मऊ असतंय, आणि कापडाचं रिझोल्युशन (जाळीच्या गाठींतलं अंतर) 2 असतंय ते 1 वर आण. काठाला फ्लॅट हा पर्याय. आणि जमिनीखाली दिसणारे चुकार पॉइंट आधीच काढ, उलटं केल्यावर तेच सुळके होतात, कापड त्यांच्यावर अडकतं आणि भोवतीची खरी जमीन सुटते.

नकाशेवाला:
काठासाठी मी पीडॅल या सॉफ्टवेअरमधलं एसएमआरएफ घेतो, तोही जमीन वेगळी काढणारा फिल्टरच. त्यात उतार 0.15 धरलेला असतोय, सपाटीला चालतंय, कड्याला अजिबात नाही. विंडो (एका वेळी तपासायच्या भागाचा आकार) मात्र सगळ्यात मोठ्या शेडला पुरेल एवढी ठेवा, नाहीतर गोदामाचं छप्परच जमीन म्हणून येतं.
पण खरी अडचण उसाची आहे ओ. दाट उसात लेसर खाली पोचतच नाही, शेवटचा रिटर्न (आपटून परत येणारा लेसर) सुद्धा पाल्यावरनंच येतो, मग जो पॉइंट आलाच नाही तो कुठला फिल्टर शोधणार? उड्डाण कुठल्या महिन्यातलं आहे?

पंचगंगाकाठ:
आत्ताच बघितलं, ऑक्टोबरचं आहे. म्हणजे ऊस उभाच.

नकाशेवाला:
मग उसाचे प्लॉट हातानं आखा, आतले जमीन ठरलेले पॉइंट काढून टाका आणि बांध, पाणंद, रस्ता यांच्या पॉइंटवरनं मधली उंची भरा. तोडणी झाली की त्यातल्या चार-पाच शेतांत जीपीएस घेऊन जाऊन उंची तपासा, सपाट काठावर अर्धा मीटर चुकला तरी पाण्याची रेघ लांब सरकते.

सरीवरंबा:
तोडीला आमच्याकडचे प्लॉट लवकर मोकळे होतात, ये, मी येतो बरोबर.