पूर्ववृत्त, उत्स्फूर्त, उपज: लार्पसाठी मराठी शब्द हवेत

मूळ प्रश्न

आम्ही चौदा जण मिळून लार्प (लाइव्ह ॲक्शन रोल-प्ले) खेळणार आहोत. यात प्रेक्षक नसतात, लिहिलेले संवाद नसतात; प्रत्येकाने एक पात्र व्हायचं आणि पाच-सहा तास त्या पात्राचंच बोलायचं-वागायचं. नियमांचा कागद मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं आहे. खेळाडूला आधी त्याच्या पात्राची माहिती मिळते: गाव कुठलं, भावाशी अबोला का, कर्ज कोणाचं. याला मी ‘पार्श्वभूमी’ लिहिलं आणि ऐन खेळातल्या बोलण्याला ‘उत्स्फूर्त अभिनय’. दोन्ही शब्द बोचतायत. पार्श्वभूमी म्हटलं की माणसामागे टांगलेला पडदा दिसतो. भावाशी धरलेला अबोला मागे टांगलेला नसतो, तो बोलताना घशाशी येतो.

प्रतिसाद

‘पूर्वरंग’ कसा वाटतो?

प्रतिसाद

पूर्वरंग नको. नाट्यशास्त्रात तो नाटकाआधीचा विधी आहे आणि कीर्तनात आख्यानाआधीचं निरूपण. दोन्ही प्रत्यक्ष सादरीकरणाचाच भाग आहेत. इथे तर खेळ सुरू होण्याआधीच घडून गेलेलं आयुष्य सांगायचं आहे, म्हणून ‘पूर्ववृत्त’ घ्या. ‘पूर्वपीठिका’ प्रकरणाची असते, माणसाची नाही.

प्रतिसाद

ताई, पूर्ववृत्त मलाही पटलं. माझं अडतंय ते ‘उत्स्फूर्त’पाशी. या शब्दात आधीचं काहीच नाही, जणू कोऱ्या जागी ठिणगी पडली.

मी सिंधुदुर्गातला. माझे मामा दशावतारात राजपार्ट, म्हणजे राजाची भूमिका, करायचे. दशावताराला लिखित संहिता नसते. चेहऱ्याला रंग लावता लावता आज कुठलं आख्यान आणि कोण काय करणार एवढं ठरायचं, आणि तेवढ्यावर पहाटेपर्यंत खेळ चालायचा. एकदा मामांचा दरबारातला प्रवेश सुरू होता आणि पुढे बसलेलं एक पोर जोरात रडायला लागलं. आई त्याला घेऊन उठणार, तोच मामा थांबले, तलवारीवर हात ठेवला आणि म्हणाले, “प्रधानजी, आमच्या राज्यात रडतंय कोण? त्याचं दुःख आधी ऐकू, मग दरबार.” पोर गप्प झालं. मी त्यांना विचारलं होतं, हे सुचतं कसं? म्हणाले, “तू कोण आसस, ता इसरू नको. शब्द आपसूक येतत.”

मामांना पात्राचा कागद कधी कोणी दिला नाही. राजाचं पूर्ववृत्त पुराणातून, आजीच्या गोष्टींतून, आधीच्या शेकडो रात्रींतून अंगात मुरलेलं होतं. तुमच्या खेळाडूंना ते दोन पानांतून मिळवायचंय, इतकाच फरक.

म्हणून मी ‘उपज’ सुचवतो. गाण्यात तो रोज वापरला जातो: राग ठरलेला, बंदिश ठरलेली, आणि गवई त्यातून ऐनवेळी काढतो ती उपज. आणि ‘भूमिका’ हा शब्द भूमीवरूनच आलेला. आधी जमीन, मग तिच्यातून उगवलेलं. व्यावसायिक नाटकात ‘ॲडिशन घेणे’ म्हणतात, पण त्यात लेखकाची तक्रार ऐकू येते. लार्पमध्ये लेखकाचं वाक्यच नसतं, मग ॲडिशन कशात घेणार?

प्रतिसाद

मी स्वीडनमध्ये राहते. इथे या खेळाला ‘लायव’ म्हणतात: इंग्रजी ‘लाइव्ह’ कानाला जसं ऐकू आलं तसं लिहून टाकलं आणि शब्द घरचा झाला. तेव्हा ‘लार्प’ खुशाल ठेवा.

तुमचा वाद इकडे जुना आहे. १९९९ मध्ये नॉर्वेतल्या दोघांनी ‘डॉग्मा ९९’ नावाचा जाहीरनामा काढला. त्यातली पहिलीच बंदी अशी, की पात्राच्या किंवा प्रसंगाच्या भूतकाळात लिहून ठेवून नाट्य निर्माण करायचं नाही. जे घडायचं ते खेळात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडलं पाहिजे. मला हे फार मोलाचं वाटतं. मी एकदा माझ्या पात्राचं आयुष्य आठ पानं लिहून गेले होते. खून, फसवणूक, हरवलेली बहीण, सगळं होतं. खेळात ते कोणालाच माहीत नव्हतं. मी कोपऱ्यात बसून मनातल्या मनात दुःखी होत राहिले आणि बाकीचे चुलीपाशी भाकरीवरून भांडत होते. खरा खेळ तिथे चालला होता.

तेव्हा ‘पूर्ववृत्त’ शब्द घ्या, पण कागदावर मर्यादाही घाला. बहीण हरवलेली असेल, तर ती बहीण दुसऱ्या कोणा खेळाडूला द्या.

मूळ प्रश्नकर्ती

दादा, ‘उपज’ घेतला. कागदावरचं वाक्य आता असं आहे: “पूर्ववृत्त एका पानाचं. त्यातली निदान एक गोष्ट दुसऱ्या खेळाडूलाही माहीत असावी. पुढचं सगळं उपजेवर.”

आता एकच अडचण. पात्र होण्याला ‘सोंग’ लिहू का? ‘सोंग आणणे’ कानाला गोड लागतं, पण ‘सोंग करतोय’ म्हटलं की माणूस खोटारडा ठरतो.

प्रतिसाद

क्रियापदावर लक्ष ठेवा. सोंग ‘वठवलं’ की शाबासकी, ‘केलं’ की आळ. आमच्याकडे मामा वठवायचे.