एल फाशरमध्ये चाललंय ते टोळीयुद्ध की वंशसंहार?

गंगावेसकर
परवा संध्याकाळी म्हशीसाठी शेंगपेंड भिजत घातली आणि फुगेपर्यंत मोबाईल बघत बसलो. त्यात वाचलं की सुदानच्या पश्चिमेला दारफूर भागातल्या एल फाशर शहराला दीड वर्ष वेढा पडला होता, तेव्हा तिथली माणसं हीच पेंड खाऊन जगली. तिकडं तिला अंबाझ म्हणतात. शेवटी शेवटी तर तीही मिळेना. मी पेंडीचा एक तुकडा तोंडात टाकून बघितला. न भिजवता दातानं फुटत नाही, आणि फुटला की टाळूला चिकटून बसतो.

धागा काढायचं कारण असं की आपल्याकडच्या बातम्यांत हे ‘दोन सेनापतींचं भांडण’ नाहीतर ‘टोळीयुद्ध’ म्हणून येतं. पण २००३ पासून दारफूरमध्ये मार कुणी खाल्ला? फूर, मसालित, झगावा या अरबेतर लोकांनी. तेव्हा मारणारे होते घोड्या-उंटांवरचे जंजावीद, आणि त्यांना बंदुका सरकारनं दिलेल्या. २०१३ मध्ये त्यांनाच गणवेश चढवून ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ ही निमलष्करी फौज केली. २०२३ मध्ये तिचं लष्कराशीच युद्ध पेटलं. त्याच वर्षी दारफूरच्याच एल जेनीना शहरात मसालितांवर तुटून पडले ते हेच, आणि एल फाशरला वेढा घातला तोही यांनीच. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अहवालात त्या एका शहरातल्या मेलेल्यांचा आकडा १० ते १५ हजार असा आहे. याला भांडण म्हणायचं?

कायद्याचा कीस
गंगावेसकर, तळमळ कळली, पण शब्द तोलून वापरा. १९४८ च्या करारात वंशसंहार म्हणजे एखादा समूह पूर्ण किंवा अंशतः नष्ट करण्याच्या इराद्यानं केलेली कृत्यं. नुसता मृतांचा आकडा पुरत नाही, इरादा सिद्ध व्हावा लागतो. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगानं दारफूरची पाहणी करून सांगितलं की सरकारचं वंशसंहाराचं धोरण होतं असं दिसत नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं जंजावीद म्होरक्या अली कुशैबला २७ आरोपांत दोषी धरलं. त्यात युद्धगुन्हे आहेत, मानवतेविरुद्धचे गुन्हे आहेत, वंशसंहार नाही.

आणि मसालितांच्या हातातही बंदुका होत्या. सुदानी लष्करही बाजारावर बाँब टाकतं. एकालाच राक्षस ठरवलं की ज्या लष्करानं हे भूत उभं केलं ते आयतं सोवळं होऊन बसतं.

उचगावचा तात्या
मला यात वंशबिंश दिसत नाही, पाणी दिसतं. आपल्याकडं धनगर मेंढरं घेऊन येतो, शेतकरी रानात बसवून घेतो, रानाला खत मिळतं, धनगराला धान्य. तिकडंही सुगीनंतर उंटवाले ठरलेल्या वाटेनं रानातनं जायचे. १९८३-८४ चा दुष्काळ पडला, वाळवंट खाली सरकलं, उंटवाले खाली आले आणि वाटा मोडल्या. दोन्हीकडचे मुसलमानच, रंगानं बघितलं तर लांबून ओळखू येणार नाहीत. पोटाचं भांडण आहे हे.

रंकाळावाली
तात्या, दुष्काळाचं तुमचं बरोबर. पण दुष्काळ कलाश्निकोव्ह वाटत फिरत नाही. मसालितांचा मुलूख म्हणजे दार मसालित, आपल्या कोल्हापूरसारखंच संस्थान, स्वतःचा सुलतान असलेलं. जमीन कुणी कसायची ते तिथली परंपरा ठरवायची. १९९५ मध्ये खार्टूमच्या सरकारनं त्याचे तुकडे करून अरब प्रमुखांना नव्या अमिराती, म्हणजे छोटी छोटी सरदारक्यांची वतनं, वाटली. मारामाऱ्या पेटल्या त्या त्यानंतर. ही ठिणगी आभाळातनं नाही पडली, खार्टूमच्या कचेरीतनं पडली.

आणि लांबून ओळखू येत नाहीत म्हणून तर विचारत होते! एल जेनीनातनं शेजारच्या चाड देशाकडं, सरहद्दीवरच्या अद्रे गावाच्या रस्त्यानं पळणाऱ्यांना अडवून ‘कुठल्या जमातीचा’ असं विचारलं जायचं. उत्तर ‘मसालित’ आलं की बाप्यांना, पोरांना बाजूला घ्यायचे. इरादा म्हणजे आणखी काय असतं वकीलसाहेब?

तुम्ही २००५ च्या अहवालाचं अर्धंच सांगितलंत. त्याच अहवालात पुढं आहे की काही व्यक्तींचा, अगदी सरकारी अधिकाऱ्यांचासुद्धा, वंशसंहाराचा इरादा असू शकतो आणि तो न्यायालयानंच ठरवावा. न्यायालयानं २०१० मध्ये सुदानचे तेव्हाचे अध्यक्ष बशीर यांच्यावर वंशसंहाराचं वॉरंट काढलंच की. २०१५ मध्ये हेच बशीर दिल्लीत आफ्रिका परिषदेला पाहुणे म्हणून आले आणि पाहुणचार घेऊन परत गेले.

कुशैबला दोषी ठरवलं ६ ऑक्टोबर २०२५ ला, २००३-०४ च्या गुन्ह्यांसाठी. एल फाशर त्याच फौजेच्या हाती पडलं २६ ऑक्टोबरला. मध्ये वीस दिवस.

कायद्याचा कीस
वॉरंट म्हणजे निकाल नव्हे, ताई. दिल्लीचं म्हणाल तर भारत त्या न्यायालयाचा सदस्य नाही, अटकेचं बंधन नव्हतं. बाकी वीस दिवसांचं वाचून मीही जरा थांबलो, ते मान्य करतो.

पेठेतला
इथं पोरांना नोकऱ्या नाहीत आणि तुमचं सुदान! काय संबंध भावा?

गंगावेसकर
संबंध? २०२३ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा तिथं अडकलेल्यांत आपल्या शेजारच्या कर्नाटकातले हक्की-पिक्की होते. आपल्या पारध्यांशी नातं सांगणारी, जडीबुटी, केसाचं तेल विकत फिरणारी भटकी माणसं. त्यातले काही एल फाशरमध्येच होते. आणि १९४३ ते ४८ आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, त्या वेळी ‘काय संबंध’ म्हणत बसले असते तर ती पोरंबाळं कुठं गेली असती?

पेठेतला
वळिवडं मला पण माहितीय, पणजोबांकडनं ऐकलंय. पण तो काळ वेगळा, राजे वेगळे. आत्ता आपण हितनं काय करणार ते सांग.

गुजरीवाला
पेठेतल्या, मी काही करत नाही, पण एक सांगतो. दारफूरच्या जबल आमिर खाणीचं सोनं हेमेतीच्या, म्हणजे याच रॅपिड सपोर्ट फौजेच्या म्होरक्याच्या, ताब्यात गेलं होतं. सुदानचं सोनं मुख्यतः दुबईला जातं. दुबई ज्यात येते त्या संयुक्त अरब अमिराती या फौजेला शस्त्रं पुरवतात असा आरोप आहे, त्या नाकारतात. सुदाननं त्यांच्यावर हेगच्याच दुसऱ्या, देशादेशांतले वाद ऐकणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला भरला, पण तो मे २०२५ मध्ये अधिकारक्षेत्र नाही म्हणून निकालात निघाला. गुन्हा झाला की नाही, इथपर्यंत विषयच गेला नाही.

आपल्याकडं दुबईचं सोनं किती येतं ते धंद्यातल्याला सांगायला नको. तुम्ही साज करायला येता तेव्हा कॅरेट विचारता, घट विचारता, मजुरी पाडून मागता. बिस्किटावर ठसा असतो तो रिफायनरीचा. खाणीचा नसतो.

रंकाळावाली
मग विचारलं तर सांगाल का?

गुजरीवाला
मला तरी कोण सांगतंय, ताई?