चेटकिणींचे खटले आणि आजचे 'विच हंट': तरुण संघात काय मांडावे?

खडकीचा_वाचक
सर्वांना सलाम. रविवारी आमच्या चर्चच्या तरुण संघात हा विषय घ्यायचाय. 'चर्चने ९० लाख बायका जाळल्या' हे कुणीतरी म्हणणारच. शिवाय पुढाऱ्याची चौकशी लागली की लगेच 'हे विच हंट आहे'. चर्चची वकिली न करता, पण खोट्यालाही मान न डोलावता काय सांगावे? आणि बायबलातल्या निर्गम २२:१८ चे, 'चेटकिणीला जिवंत ठेवू नको', याचे काय करायचे?

दप्तरखाना
९० लाख खोडून टाका. १८व्या शतकात फोग्ट नावाच्या जर्मन गृहस्थाने क्वेडलिनबुर्ग या एका गावच्या खटल्यांवरून अख्ख्या युरोपाचा, तोही कित्येक शतकांचा गुणाकार केला, त्यातून तो आकडा निघाला. आजचे अभ्यासक ४० ते ६० हजार मृत्युदंड धरतात. त्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त बायका. आइसलँडमध्ये मात्र बहुतेक पुरुष. इंग्लंडात आणि अमेरिकेतल्या सेलममध्ये (१६९२) फाशी देत, जाळत नसत.

पण आकडा खाली आला म्हणून आपण सुटलो नाही. चेटकिणींविरुद्धचे १४८४ चे आज्ञापत्र पोपचेच, चेटकिणी शोधायचे पुस्तक लिहिणारा क्रामर धर्मगुरूच, आणि 'ते कॅथलिकांनी केले' म्हणायची सोय प्रोटेस्टंट मुलखांनी ठेवलेली नाही.

खरा वेळ द्या तो खटला कसा चाले याला. बायबलातले अनुवाद १९:१५ दोन-तीन साक्षीदार मागते. खोट्या साक्षीदाराला तीच शिक्षा, हे पुढे १९ व्या वचनात आहे. पण युरोपात चेटूक हा 'अपवादात्मक गुन्हा' ठरवून पुराव्याचे नियमच सैल केले. छळ केला की कबुली मिळे, कबुलीनंतर पुढचा प्रश्न, 'तिथे आणखी कोण होते?' एकीच्या तोंडून पाच नावे. जर्मनीतल्या छोट्या संस्थानांत हे फार पसरले, कारण निकाल तपासणारे वर कुणी नव्हते.

उलट स्पॅनिश इन्क्विझिशन, म्हणजे तिथले कॅथलिक धर्मन्यायालय! त्यांच्या सालाझार या न्यायाधीशाने १६११-१२ मध्ये उत्तर स्पेनच्या बास्क मुलखात फिरून कबुलीजबाब एकमेकांशी ताडून पाहिले, 'चेटकिणींच्या मलमांची' भांडी तपासून घेतली. मलमे बनावट निघाली, जबाब जुळेनात. १६१४ च्या नव्या सूचनांनंतर तिथले असे खटले जवळपास थंडावले.

पेठकर_सायकल
मग पुढाऱ्यांचे मोजमाप सोपे आहे. आरोप लेखी आहे का, उलटतपासणी मिळते का, वर अपील आहे का? हे सगळे असेल तर ती चौकशीच, कितीही झोंबली तरी. 'नाकारतोय म्हणजेच दोषी' असे चालू झाले की 'विच हंट' हा शब्द चपखल.

दप्तरखाना
कागदावर अपील असून माणूस खटल्याविना वर्षानुवर्षे आत राहतो, तेही मोजमापात धरा.

मुळामुठा
तुम्ही दोघे युरोपातच अडकलात. नंदुरबारकडे आजही बाईला डाकीण ठरवतात. दाभोलकरांचा खून इथेच, पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर, २० ऑगस्ट २०१३ ला झाला, आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे, दंड ५ ते ५० हजार. अमुक बाई करणी करते असे पसरवून तिचे जगणे मुश्किल करणे हाही त्यात गुन्हा, मारहाण व्हायची वाट पाहावी लागत नाही. तक्रारीत 'करणीवरून वाद' असे मोघम लिहिले की ती शेजाऱ्यांचे भांडण म्हणून बाजूला पडते. कोण, कुठल्या दिवशी, कुणासमोर, नेमके काय बोलले तेच लिहायचे. मार लागला असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नोंद.

आणि नायजेरियात काही पाळक लहान मुलांना चेटकी ठरवतात, तेही सांगा. हे जुने नाही आणि परक्यांचेही नाही.

खडकीचा_वाचक
आभार. मलमाची भांडी नक्की घेतो. निर्गम आधी घेऊ की शेवटी?

दप्तरखाना
आधी. त्याच नियमशास्त्रात शब्बाथ मोडणाऱ्यालाही मृत्युदंड आहे, तो युरोपात कुणी लावत नव्हते. मग हे एकच वचन का उचलले, एवढेच विचारा. शेवटी ठेवलेत तर पोरे तोवर मनात तेच घोळवत बसतील, भांड्यांकडे लक्ष जायचे नाही.