मदत हवी आहे: पाळीव प्राणी गुन्हा उघडकीस आणतो असा विनोदी सिनेमा, पण प्राणी शेवटी मरता कामा नये

नमस्कार मंडळी,

आमची मुलगी ९ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा. तीन महिन्यांपूर्वी आमचा कुत्रा चिकू गेला. १२ वर्षांचा होता, म्हणजे दोन्ही मुलांच्या आधीपासून घरात. मुलगा थोड्या दिवसांत सावरला, मुलगी अजून नाही. त्याचा पट्टा तिने उशाखाली ठेवलाय आणि झोपताना त्यावरचा बिल्ला बोटांनी चाचपत राहते.

तरी कुत्र्या-मांजरांचे सिनेमे बघायचा तिचा हट्ट कमी झालेला नाही, उलट वाढलाय. नुसता गोडगोड प्राणी तिला चालत नाही. मोठ्यांच्या लक्षात न आलेलं त्याच्या लक्षात यायला हवं. दाराबाहेर कोण आलंय हे चिकूला बेल वाजायच्या आधी कळायचं, हे ती अजून येईल त्याला सांगते. म्हणून चोर, तपास, त्यात मुख्य काम प्राण्याचं आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून हसावं असा सिनेमा शोधतेय.

गेल्या रविवारी 'टर्नर अँड हूच' लावला. १९८९चा, टॉम हँक्सचा. मी तो फार पूर्वी अर्धवट पाहिला होता. सुरुवात अगदी हवी तशी आहे: टापटिपीचं वेड असलेला पोलीस, एका म्हाताऱ्याचा खून आणि खुनाचा एकुलता एक साक्षीदार म्हणजे त्या म्हाताऱ्याचा धिप्पाड, लाळ गाळणारा कुत्रा. हूच पोलिसाच्या घराची पार वाट लावतो तेव्हा दोन्ही मुलं सोफ्यावरून घसरेपर्यंत हसली. तीन महिन्यांत ती एवढी हसलेली मी पाहिली नव्हती.

आणि मग शेवट. हूचला गोळी लागते आणि तो जातो. नंतर त्याचं पिल्लू दाखवलंय, पण तोवर मुलगी उठून आत गेली होती. मी मागोमाग गेले तर भिंतीकडे तोंड करून, पट्टा घट्ट धरून पडलेली. म्हणाली, "त्याने खुनी ओळखून दिला ना, मग त्यालाच का मारलं?" मला काही उत्तर देता आलं नाही.

तर विनंती अशी की कृपया शेवट सांगूनच सुचवा. रहस्य फुटलं तरी चालेल, मला ते फोडूनच हवंय. प्राणी माणसासारखा तोंड हलवून बोलणारा नको, नाक, कान आणि सवयी यांच्या जोरावर चालणारा हवा. 'तेरी मेहेरबानियाँ' (१९८५) माहीत आहे. तिथे मालकाचा खून होतो आणि कुत्रा सूड घेतो, ते आत्ता झेपणार नाही. १९८९चाच 'के-नाइन'ही बाजूला ठेवलाय. त्यातला पोलिसी कुत्रा गोळी लागूनही वाचतो, पण अमली पदार्थांचा मामला सहा वर्षांच्या मुलासमोर नको वाटतो. इंग्रजी असला तरी हरकत नाही, मी शेजारी बसून मराठीत सांगते.

प्रतिसाद

ताई, कुत्राच हवा असं नसेल तर डोळे मिटून 'दॅट डार्न कॅट' लावा. डिस्नेचा, १९६५चा. याच नावाचा १९९७चा नवा अवतारही आहे, तो नको, जुनाच बघा. एक सयामी बोका रोज रात्री गल्लीतून आपली फेरी मारतो. एका रात्री तो घरी येतो तर गळ्यात बायकांचं मनगटी घड्याळ. बँक लुटणाऱ्या दोघांनी बँकेतल्या एका बाईला कोंडून ठेवलेलं असतं, तिने ते घड्याळ त्याच्या गळ्यात अडकवलेलं. मागच्या बाजूला 'हेल्प' कोरायला घेतलेलं, पण शेवटचं अक्षर राहिलेलं. घरातली धाकटी मुलगी ते ओळखते आणि थेट एफबीआयकडे जाते. तिथला जो अधिकारी कामाला लागतो त्याला मांजरांची ॲलर्जी! मग रात्री अंधारात एवढाले सरकारी लोक एका बोक्याच्या मागावर. बोका शेवटी ठणठणीत असतो. त्या बाईच्या जिवाला धोका आहे हे मात्र बोलण्यात येतं, धाकट्याला आधी सांगून ठेवा. आणि लांबी जवळजवळ दोन तास आहे, मध्ये सुट्टी घ्या.

प्रतिसाद

मी 'बेंजी' सुचवेन, १९७४चा. भटका कुत्रा, दोन भावंडं त्याला रोज गुपचूप जेवू घालतात. त्याच भावंडांना पळवून नेतात आणि नेमकं त्या ओसाड घरात ठेवतात जिथे बेंजी झोपायला जातो. त्याला सगळं ठाऊक आहे आणि तो कुणाला सांगू शकत नाही, सगळे त्याला हाकलतात. कॅमेरा पुष्कळ वेळा कुत्र्याच्या उंचीवर ठेवलाय, त्यामुळे संवाद कमी आणि तुम्हाला भाषांतराचा त्रासही कमी. विनोद आहे, पण हा मांजराच्या सिनेमाइतका हसवणारा नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण तुमच्या मुलीसाठी ती महत्त्वाची. बेंजीच्या जोडीला टिफनी नावाची छोटी पांढरी कुत्री आहे. एक बदमाश तिला लाथ मारतो आणि काही वेळ ती गेली असंच वाटतं. ती गेलेली नसते, पाय मोडलेला असतो. तो प्रसंग येण्याआधी मुलीला हे सांगा, नाहीतर पुन्हा तेच होईल. बेंजीला शेवटी घर मिळतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. टिफनीबद्दल सांगितलंत ते फार बरं झालं, मला नेमकं हेच हवं होतं.

काल 'दॅट डार्न कॅट' पाहिला. घड्याळाची मागची बाजू दिसली तशी मुलीने मला थांबवायला सांगितलं. पडद्याजवळ जाऊन एकेक अक्षर वाचलं आणि "आई, हे अर्धं राहिलंय, कुणीतरी हाक मारतंय" असं ओरडली. धाकटा तो अधिकारी शिंकला की शिंकत होता. शेवटी बोका दिसल्यावर मुलीने मला विचारलं, "हा खराच ठीक आहे ना?" मी हो म्हटलं, मग तिने टाळ्या वाजवल्या.

शनिवारी 'बेंजी' लावायचं ठरलंय. टिफनीचं तिला आजच सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "पाय मोडला तर प्लास्टर घालतात. चालेल."