‘अतालता’ आणि ‘ईसीजीतले बदल’ : एकच का?

प्रश्न : कोरोनरी धमन्यांत (हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या) जन्मजात दोष असलेल्या मुलांवरचा मजकूर लिहितोय. हृदयाच्या विद्युत क्रियेतल्या सगळ्या बिघाडांना सरसकट ‘अतालता’ म्हटलं तर चालेल का? आणि ‘जन्मजात’ लिहू की ‘आनुवंशिक’?

उत्तर : नाही चालणार. अतालता म्हणजे ठोक्यांचा वेग किंवा क्रम बिघडणं. ईसीजीत त्याखेरीज बरंच काही दिसतं. काही बाळांची डावी कोरोनरी महाधमनीऐवजी फुफ्फुसधमनीतून निघते. जन्मानंतर काही आठवडे फुफ्फुसधमनीतला दाब जास्त असतो, तोवर निभावतं. दाब उतरला की त्या कोरोनरीतलं रक्त उलटं फुफ्फुसधमनीकडे वाहू लागतं आणि डाव्या बाजूचा स्नायू उपाशी राहतो. दूध पिताना बाळाला दरदरून घाम फुटतो, धाप लागते, ते कळवळून रडतं. घरच्यांना वाटतं पोट दुखतंय. ईसीजीत लीड १ आणि एव्हीएल या डाव्या बाजूच्या नोंदींमध्ये खोल, रुंद क्यू तरंग दिसतात, बरेचदा टी तरंगही उलटे; या स्नायूला इजा झाल्याच्या खुणा. ठोके मात्र बहुधा जलद पण अगदी नियमित! इथे ‘अतालता’ म्हणजे सरळ चूक.

आणखी एक : उलटही होतं. धडधाकट मुलांचे ठोके श्वास आत घेताना जलद आणि सोडताना मंद होतात. अहवालात त्याला ‘साइनस अतालता’ म्हणतात आणि आईबापांच्या पोटात गोळा येतो. तो आजार नव्हेच.

प्रश्न : मग या दोषांत अतालता कधी म्हणायचं?

उत्तर : डावी कोरोनरी महाधमनीच्या उजव्या सायनसमधून (महाधमनीच्या मुळाशी असलेल्या फुगवट्यातून) निघून महाधमनी आणि फुफ्फुसधमनीच्या मधून जात असेल, तर विश्रांतीच्या वेळचा ईसीजी बरेचदा स्वच्छ येतो. जोरात पळताना मात्र निलय (हृदयाचा खालचा कप्पा) नुसतं थरथरू लागून मूल कोसळू शकतं. ती खरी अतालता, तीही जीवघेणी. शिवाय फुफ्फुसधमनीतून निघणाऱ्या कोरोनरीच्या पहिल्या प्रकारात शस्त्रक्रियेने धमनी जागेवर जोडली, तरी स्नायूत राहिलेल्या व्रणातून पुढे अतालता उद्भवू शकते.

‘जन्मजात’च लिहा. हे दोष जन्मतः असतात, पण बहुतेक वेळा आईबापांकडून आलेले नसतात. ‘आनुवंशिक’ लिहून कुणाच्या माथी उगाच दोष मारू नका. ‘कोरोनरी’ तशीच ठेवा, ‘हृद्धमनी’ ऐकून कुणाला काही बोध होत नाही. वाक्य असं करता येईल : ‘ठोके नियमित आहेत, पण ईसीजीत स्नायूला रक्त कमी पडल्याच्या खुणा आहेत.’