निन्टेन्डो ताकदीच्या शर्यतीत उतरलीच नाही
‘व्हिडिओ गेमच्या यंत्रांची ताकद कमी, त्यामुळे सोनी आणि मायक्रोसॉफ्टपुढे निन्टेन्डोचा टिकाव लागणं कठीण’ हे मत मला अजिबात पटत नाही. २००६ साली अमेरिकेत सोनीच्या प्लेस्टेशन ३ ची किंमत ४९९ डॉलरपासून सुरू होत होती, निन्टेन्डोचं वी (Wii) आलं २५० ला. एचडी चित्र नाही, प्रोसेसरही निन्टेन्डोच्याच आधीच्या यंत्राच्या, गेमक्यूबच्या घराण्यातला. पण रिमोट हलवला की खेळ सुरू, बटणं पाठ करायची भानगड नाही. दादरला मामाकडे आमची आजी पदर खोचून बॉलिंग खेळायची, मनगटाला रिमोटचा पट्टा मी बांधून द्यायचो. असं गिऱ्हाईक बाकी दोघांच्या हिशेबातच नव्हतं! वी १० कोटींवर खपलं ते यामुळे.

२०१२ च्या वी यू या पुढच्या यंत्राने मात्र सपाटून मार खाल्ला, खप जेमतेम दीड कोटीच्या आत. नावामुळे अनेकांना ते जुन्या वीचंच जोडसामान वाटलं. मग २०१७ मध्ये स्विच आलं: घरी टीव्हीला, बाहेर हातात. परवा विरार फास्टमध्ये चौथ्या सीटवरच्या मुलाने स्क्रीन बॅगेवर टेकवली, दोन्ही बाजूंचे कंट्रोलर काढले आणि एक शेजारच्याला दिला. बोरिवलीपर्यंत दोघांनी मान वर केली नाही.