शिनचॅन पाच वर्षांचा आहे, पण तो पाच वर्षांच्या मुलांसाठी आहे का?

तिरकी_रेघ

आमच्याकडे सध्या शिनचॅनचा अंमल आहे. लेक साडेचार वर्षांची. आवाज नाकातून, शब्द ओढून ओढून, तेही हिंदीत, आणि परवा सासूबाईंसमोर मला चक्क नावाने हाक. हसू आलं हे खरं, पण मला वाद घालायचाय तो वेगळ्या मुद्द्यावर.

हे कार्टून मुळात मुलांसाठी नाहीच. योशितो उसुई या जपानी चित्रकाराने १९९० मध्ये शिनचॅन काढायला घेतला तो 'वीकली मांगा अ‍ॅक्शन' या मोठ्या पुरुषांसाठीच्या साप्ताहिकात. १९९२ मध्ये टीव्ही आसाही या जपानी वाहिनीवर अ‍ॅनिमे, म्हणजे कार्टून मालिका, आला, तो बनवणारा स्टुडिओ डोरेमॉनवालाच, शिन-एई. झालं, दोघं एकाच पंगतीला बसले. आपल्याकडे २००६ मध्ये हंगामा चॅनेलवर आला तेव्हाही डोरेमॉनचा भाऊ समजूनच आपण त्याला घरात घेतलं. मग पालकांची ओरड, २००८ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाची बंदी, २००९ मध्ये कात्री लावून पुनरागमन.

कात्रीने काय होणार? विनोद कुठे आहे ते बघा. शिनचॅनच्या बापाच्या, हिरोशीच्या, घराच्या कर्जाची बत्तीस वर्षं फेडायची बाकी आहेत. आई, मिसाए, सेलमधून नको ते उचलून आणते आणि नवऱ्यापासून लपवते. शेजारीण दारात आली की हे कार्टं घरातली सगळी गुपितं तिच्यापुढे मांडतं, आणि मिसाएच्या पोटात जो गोळा येतो त्याला आपण हसतो. लेकीला हप्ता म्हणजे काय ते कुठे ठाऊक? तिला एवढंच कळतं की आईला नावाने हाक मारली की धमाल येते. मोठ्यांचं आहे हे मान्य करा आणि लहानांसमोरून काढा, इतकंच म्हणणं.

भोंगा

आला, वर्षातून एकदा येणारा धागा आला.

ताई, आमची अख्खी पिढी हंगामा बघत मोठी झाली. आम्ही आज टॅक्स भरतो, आईला आईच म्हणतो. पोरगं बिघडायला कार्टून लागत नाही, आणि सुधारायलाही नाही. शिनचॅनने आगाऊपणा केला की त्याला सोडतं कोण? मिसाएच्या दोन मुठी कानशिलावर गरगरतात नाहीतर डोक्यावर टेंगूळ येतं, तेही एकावर एक. फळ तिथल्या तिथे मिळतं. हे दिसत नाही का?

पावशेर_शहाणा

@भोंगा, म्हणजे आता मारहाण हा कार्टूनचा प्लस पॉइंट? भारीच.

माझा आक्षेप तिरकीताईंपेक्षा साधा आहे. कॉलेजातली पोरगी दिसली की हा लाळ गाळत तिच्यामागे जातो, शिमला मिरची आवडते का म्हणून विचारतो. हे पाच वर्षांच्या तोंडी घातलं म्हणून गोंडस. हेच वाक्य पंचवीस वर्षांच्या बाप्याने म्हटलं तर? आणि बापही तसलाच, बायकोसमोर दुसऱ्या बायकांकडे टक लावून बघणारा. मुलगा कोणाकडून शिकला हे लेखकाने लपवलेलंच नाही.

निवांत_काकू

अहो, पोरांच्या खोड्यांचं आपल्याला एवढं वावडं कधीपासून? दही चोरणं, मडकी फोडणं, कपडे पळवणं यावर आपण शेकडो वर्षं गौळणी गातोय. तिथे भक्ती आणि इथे संस्कार बिघडले!

पावशेर_शहाणा

काकू, हा युक्तिवाद येणार हे माहीतच होतं. पण 'ए यशोदे, तुझं पोट सुटलंय' असं कुठल्या गौळणीत आहे ते दाखवा, मी धागा सोडून जातो.

निवांत_काकू

:) हे मात्र नाही.

सायतामाकर

नोकरीनिमित्त इकडे सायतामा प्रांतात आहे. शिनचॅनचं गाव, कासुकाबे, याच प्रांतात. टोकियोच्या उत्तरेला, सकाळी गाडीने राजधानीत जायचं आणि रात्री झोपायला परत यायचं असलं गाव. आपल्याकडचं बदलापूर म्हणा. स्टेशनवर गाडी सुटताना शिनचॅनच्या गाण्याची धून वाजते, आणि गावाला त्याची लाज वगैरे अजिबात वाटत नाही.

पण इथले पालक खूश होते असंही समजू नका. जपानच्या पालक-शिक्षक संघाच्या पाहणीत, मुलांनी बघू नयेत अशा कार्यक्रमांच्या यादीत शिनचॅन कितीतरी वर्षं वरच्या नंबरांत असायचा. तेव्हा हे 'भारतीय पालक बुरसटलेले' प्रकरण नाही.

गंमत वेगळ्या गोष्टीची आहे. हिरोशी हे मूळचं विनोदी पात्र: पायमोज्यांचा वास, डोक्यावर कर्ज, ऑफिसात जेमतेम उपविभागाचा प्रमुख, घरी आल्यावर एक बिअर. १९९० च्या वाचकाला तो 'आपल्यासारखाच बिचारा' वाटायचा. आता इथली तरुण मंडळी त्याच्याकडे बघून उसासे टाकतात. पस्तिसाव्या वर्षी स्वतःचं घर, गाडी, कायमची नोकरी, दोन मुलं, कुत्रा, आणि हे सगळं एकट्याच्या पगारात! पात्र तेच राहिलं, खालची जमीन सरकली. म्हणून मोठ्यांसाठी आहे या म्हणण्याला माझा अर्धा पाठिंबा. उरलेला अर्धा राखून ठेवतो.

तिरकी_रेघ

@सायतामाकर, अर्धा कशाला, पूर्णच द्या की. तुम्ही माझीच बाजू मांडलीत.

अर्धी_चड्डी

मी नाही देत. 'लहानांना वरचा थरच कळतो' हे मला पटलेलं नाही.

बालवाडीचे मुख्याध्यापक आठवा. काळा चष्मा, चौकोनी जबडा, गुंडांच्या टोळीचा म्होरक्या शोभेल असा चेहरा. शिनचॅन त्यांना तोंडावर टोळीचा दादाच म्हणतो. बिचारे दर वेळी सांगतात, अरे मी मुख्याध्यापक आहे. बाहेरच्या अनोळखी माणसांची त्यांना बघून तंतरते, आणि प्रत्यक्षात सगळ्या बालवाडीत त्यांच्याइतका मवाळ माणूस नाही. माझा भाचा चार वर्षांचा असताना प्रत्येक वेळी सांगायचा, 'ते चांगलेत, नुसते दिसतात तसे.' दिसण्यावर जाऊ नये हे कोणी शिकवलं त्याला? शाळेने? त्याच्या शाळेत तर रंगीत मोजे घातले म्हणून वर्गाबाहेर उभं करतात.

शिवाय शिनचॅन दुष्ट नाही. वर्गातल्या मासाओला रडवतो, पण वेळ आली की त्याच्याच बाजूला उभा राहतो. काझामा एवढा हुशार, टापटीप, तरी त्याला दोस्त लागतो तो हाच. खोडकर आणि दुष्ट यातला फरक मुलांना कळतो, आपल्यालाच कळेनासा होतो.

सायतामाकर

तो राखून ठेवलेला अर्धा आता @अर्धी_चड्डी यांना. शिनचॅनचा २००१ चा सिनेमा मिळाला तर बघा, केइइची हाराने दिग्दर्शित केलेला. त्यात गावातली सगळी मोठी माणसं जुन्या दिवसांच्या मोहात पडून, १९७० च्या ओसाका एक्स्पोच्या, म्हणजे तिथल्या जागतिक प्रदर्शनाच्या, आठवणीत रमून, मुलांना वाऱ्यावर सोडून निघून जातात. हिरोशी पुन्हा लहान होऊन बसलाय, बायकामुलं विसरलाय. त्याला शुद्धीवर आणायला शिनचॅन काय करतो? बापाचाच घामट बूट त्याच्या नाकाला लावतो. आणि त्या वासासरशी हिरोशीला सगळं दिसायला लागतं: वडिलांच्या मागे सायकलवर बसलेला तो, गाव सोडणं, नोकरीतली पायपीट, लग्न, मूल, घर. जवळजवळ संवादच नाहीत. पुढे बापलेक असे बिलगतात की थिएटरात मोठी माणसं रडली असणार यावर पैज लावायला तयार आहे.

वर्षानुवर्षं चाललेला घाणेरड्या मोज्यांचा पाचकळ विनोद, त्याचं काय केलंय बघा. आणि ते घडवून आणणारा हिरो तोच, पाच वर्षांचा.

पावशेर_शहाणा

सिनेमा भारी असेल. रोज संध्याकाळी घरात लागतो तो सिनेमा नाही. तिथे मिसाएच्या वजनावर पाचवा जोक चालू असतो. एकोणतीस वर्षांची बाई, दिवसभर घर ओढणारी, आणि तिच्या मांड्या हा विनोदाचा विषय.

भोंगा

मग बसा ना मुलांबरोबर. जे खटकेल ते तिथेच सांगा. रिमोट तुमच्या हातात.

तिरकी_रेघ

@भोंगा, तुम्हाला मुलं नाहीत हे या एका वाक्यावरून कळलं. घरात कार्टून लागतं तेच मुळी आपल्याला बाजूला बसता येत नाही म्हणून. एका बाजूला कुकर, दुसऱ्या बाजूला ऑफिसचा कॉल. बसता आलं असतं तर गोष्टच नसती सांगितली?

सायतामाकर

इथे एक फरक सांगायला हवा. जपानमध्ये हा कार्यक्रम आठवड्यातून एकदा लागतो. बरीच वर्षं शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला असायचा, २०१९ पासून शनिवारी दुपारी. अर्धा तास, संपला. आई-बाप घरात असतानाचा. भारतात मी सुट्टीला येतो तेव्हा बघतो, सकाळी लावा, दुपारी लावा, रात्री लावा, हा आहेच, एकामागून एक भाग. ते संपलं की मोबाइलवर. आठवड्याला अर्धा तास नाकातून बोलणारा पोरगा आणि दिवसाला तीन तास नाकातून बोलणारा पोरगा, परिणाम सारखा कसा होईल?

अर्धी_चड्डी

+१. नक्कल पुन्हा पुन्हा बघून पक्की होते.

भोंगा

म्हणजे तक्रार चॅनेलच्या वेळापत्रकाची निघाली, पोराची नाही. धाग्याचं शीर्षक बदला.

तिरकी_रेघ

नाही बदलत. वेळापत्रकाचा मुद्दा मान्य, उद्यापासून अर्ध्या तासाच्या वर नाही. पण त्या अर्ध्या तासातही कॉलेजच्या पोरीमागे लाळ गाळणं आहेच, आणि पावशेर यांना त्यावर अजून कोणी उत्तर दिलेलं नाही. तुम्ही देताय का?

भोंगा

देतो. त्या पोरी त्याला दर वेळी हसून वाटेला लावतात आणि मिसाए कान धरून ओढत नेते. फजिती त्याची होते, त्यांची नाही.

पावशेर_शहाणा

फजिती होऊनही पुढच्या भागात पुन्हा तेच, तीसेक वर्षं. कान धरून फरक पडला असता तर एव्हाना पडला असता.